सोमवारी सकाळी टॅली उघडेना

गेल्या अंकात ओटीपीच्या फसवणुकीवर लिहिलं होतं, वाटलं त्यावरच पत्रं येतील, पण आली ती भलत्याच विषयावर. धंद्याचा कॉम्प्युटर लॉक होणं, डेटा चोरीला जाणं, खंडणी. बहुतेक सगळी ठाणे-नवी मुंबईतली, गाळेवाले, दुकानदार, डॉक्टर, क्लासवाले. नावं छापू नका असं जवळजवळ प्रत्येकाने लिहिलंय, त्यामुळे नुसती ठिकाणं देतोय.

प्रश्न : आमचा वागळे इस्टेटला शीट मेटलचा गाळा आहे, चौदा माणसं. गेल्या सोमवारी अकाउंटंटने पीसी चालू केला तर हिशोबाचं टॅली उघडेना. बघतो तर सगळ्या फाइल्सच्या नावाला लांबलचक अक्षरं आणि एक ईमेल आयडी चिकटलेला, डेस्कटॉपवर एक नोटपॅड, की तुमचा डेटा आम्ही लॉक केलाय, बिटकॉइनमध्ये पैसे द्या. हार्डवेअरवाला पोरगा म्हणतो फॉरमॅट मारू, भाऊ म्हणतो पैसे देऊन मोकळं होऊ. अकाउंटंट रात्री घरूनही ह्याच पीसीवर काम करायचा. बॅकअपची डिस्क आहे, ती लावून बघू का? (वागळे इस्टेट)

डिस्क लावू नका! हे पत्र मिळालं त्याच दिवशी ह्यांना फोन करून पहिलं वाक्य हेच बोललो, सुदैवाने लावली नव्हती. घाबरलेला माणूस सगळ्यात आधी हीच चूक करतो, कपाटातून बॅकअपची डिस्क काढतो आणि त्याच आजारी मशीनला लावतो, बघू तरी आत डेटा आहे का म्हणून. आत तो प्रोग्राम अजून चालू असेल तर पाच मिनिटांत डिस्कही गेली. बॅकअप उघडायचा तो दुसऱ्या, स्वच्छ लॅपटॉपवर, तोही नेट बंद करून.

आता बाकीच्यांसाठी क्रमाने सांगतो, म्हणजे माझ्या डोक्यात येईल त्या क्रमाने. पहिलं काम, नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा, ऑफिसातल्या सगळ्या पीसींची, फक्त त्या एकाची नाही. मशीन चालू असेल तर राहू द्या, उगाच तीन-चार वेळा रीस्टार्ट मारू नका, कारण कधीकधी मेमरीत काही धागेदोरे सापडतात. डोळ्यांदेखत फाइल्सची नावं बदलताना दिसतायत आणि दुसरं काही सुचत नाहीये, तर मात्र सरळ प्लग काढा, तिथे शास्त्र बघत बसू नका. मोबाईलने त्या नोटपॅडचा फोटो काढा. मग फॉरमॅटच्या आधी ती हार्ड डिस्क मशीनमधून काढायची, वर तारीख लिहायची आणि ड्रॉवरमध्ये ठेवायची, आणि नवी एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची डिस्क, टाकून तिच्यावर ताजं विंडोज. एका एसएसडीचे पैसे वाचवण्यासाठी लोक पुरावा नि आशा दोन्ही फॉरमॅट करतात. आशा म्हणजे काय, तर युरोपोल, डच पोलीस आणि दोन सिक्युरिटी कंपन्यांनी २०१६ मध्ये 'नो मोअर रॅन्सम' नावाची साइट सुरू केली, तिथे लॉक झालेल्या एक-दोन फाइल्स आणि ती धमकीची चिठ्ठी अपलोड केली की हा कुठल्या जातीचा व्हायरस आहे ते कळतं, आणि त्याची किल्ली उपलब्ध असेल तर फुकट मिळते. आज नसली तरी टोळी पकडली गेल्यावर वर्ष-दोन वर्षांनी किल्ली बाहेर आल्याची उदाहरणं आहेत, म्हणून तो ड्रॉवर.

तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन ह्या पोर्टलवर करा, १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, आणि तुमच्या पोलीस ठाण्यातही लेखी द्या, पोचपावती घ्या, पुढे इन्शुरन्स, बँक, जीएसटी, कुणालाही दाखवायला ती लागते. ह्याशिवाय सर्ट-इन ही केंद्र सरकारची संस्था आहे, तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे असा हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायचं असतं. छोट्या गाळ्यातला माणूस सहा तासांत अजून चहाच पीत असतो डोक्याला हात लावून, मला माहितीय, पण एक ईमेल तर करायचाय.

आता पैशाचं. माझं मत, देऊ नका, आणि हे मी नीतीच्या गप्पा म्हणून बोलत नाहीये, व्यवहार म्हणून बोलतोय. मे २०२१ मध्ये अमेरिकेत कलोनियल पाइपलाइनवर हल्ला झाला, पेट्रोल-डिझेल वाहून नेणारी अवाढव्य कंपनी. त्यांनी ७५ बिटकॉइन म्हणजे तेव्हाचे साधारण ४४ लाख डॉलर मोजले, किल्ली मिळाली, आणि ती किल्ली इतकी मंद चालायची की शेवटी स्वतःच्या बॅकअपवरूनच काम सुरू केलं. एफबीआयने नंतर त्यातले ६३.७ बिटकॉइन परत मिळवले ती गोष्ट वेगळी, वागळे इस्टेटसाठी एफबीआय येणार नाही. दुसरं उदाहरण लॉकबिट टोळीचं, फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटनच्या पोलिसांनी इतर देशांना बरोबर घेऊन त्यांचे सर्व्हर ताब्यात घेतले, तर त्यात पैसे भरलेल्या लोकांचाही डेटा तसाच पडलेला. आम्ही डिलीट करू म्हणाले होते ना! आणि भावाला सांगा, ह्या खर्चाचं बिल मिळत नाही, इनपुट क्रेडिट तर विसराच.

मग गेलेला हिशोब उभा कसा करायचा? इथे लोक उगाच हातपाय गाळतात. तुमचा डेटा फक्त तुमच्या पीसीवर नसतो हो. सीएकडे मागच्या ऑडिटची किंवा तिमाहीची टॅलीची कॉपी असते, आधी त्याला फोन. विक्रीची बिलं जीएसटी पोर्टलवर जीएसटीआर-१ मध्ये आहेत, खरेदी जीएसटीआर-२बी मध्ये दिसते, ई-वे बिलं पोर्टलवर आहेत, बँकेचं स्टेटमेंट बँकेत. ड्रॉइंग्ज पार्टीच्या ईमेलमध्ये नाहीतर सुपरवायझरच्या व्हॉट्सॲपमध्ये. पार्ट्यांकडून लेजर मागवा, ज्यांना तुम्ही देणं लागता ते तासाभरात पाठवतील, ज्यांच्याकडून येणं आहे त्यांचा अकाउंटंट नेमका गावाला गेलेला असेल, तिथे जीएसटीआर-१ दाखवा. ह्या वाचकांचं काम नऊ दिवसांत ऐंशी टक्के उभं राहिलं. बॅकअपची डिस्क तीन महिन्यांपूर्वीची निघाली, पण पाया म्हणून तेवढीही पुरली.

आणि आत आला कुठून, तर अकाउंटंट घरून काम करायचा त्याच दारातून. घरून ऑफिसचा पीसी दिसावा म्हणून कुणीतरी राउटरमध्ये पोर्ट ३३८९ उघडून ठेवलेलं असतं, रिमोट डेस्कटॉपचं. जगभर ह्याच कामाला लावलेले प्रोग्राम रात्रंदिवस प्रत्येक पत्त्यावर हे दार ठोठावत फिरतात, उघडं सापडलं की पासवर्ड लावून बघत बसतात, त्यांना झोप नाही, कंटाळा नाही. मी ह्यांची ती काढून ठेवलेली डिस्क दुसरीकडे लावून विंडोजचा सिक्युरिटी लॉग पाहिला. ४६२५ हा नंबर म्हणजे चुकलेला लॉगिन, तर चार-चार सेकंदांनी ४६२५, ४६२५, ४६२५, पानंच्या पानं, युजरची नावं सगळी अंदाजाने टाकलेली, ॲडमिन, ॲडमिनिस्ट्रेटर, युजर, टॅली, स्कॅन. आणि शनिवारी रात्री दोन वाजून काही मिनिटांनी एकच ४६२४. म्हणजे बरोबर लॉगिन. युजर टॅली. पासवर्ड काय होता ते ह्यांनी सांगितलं, इथे छापत नाही, पण कंपनीचं नाव, ॲट आणि १२३ एवढं सांगितलं तर ठाण्यातल्या निम्म्या वाचकांना दरदरून घाम फुटेल.

शनिवारी रात्रीच का, तर रविवारी ऑफिसात कुणी नसतं. चोराला आपली सुट्टी पाठ असते.

तर हे पोर्ट बंद करा. नंबर बदलून ३३९० केलं म्हणजे लपलं असं नाही, शोधणारा सगळेच नंबर बघतो. घरून काम करणं गरजेचंच असेल तर मध्ये व्हीपीएन, म्हणजे घर ते ऑफिस अशी कुलूपबंद वाट, टाका, त्यावर मोबाईलचा कोड लावा, पाच वेळा पासवर्ड चुकला की खातं अर्धा तास बंद असं सेटिंग करा, आणि अकाउंटंटच्या रोजच्या लॉगिनला ॲडमिनचे अधिकार देऊ नका.

प्रश्न : मी बेलापूरला कस्टम क्लिअरिंगचं काम करतो, पाच जणांचं ऑफिस. तुम्ही लोक फार घाबरवता असं वाटतं. आमच्यासारख्या छोट्या माणसाकडे कुठला हॅकर कशाला येईल, त्याला आमचं नाव तरी माहीत असेल का? (सीबीडी बेलापूर)

नाव माहीत नसतंच. आणि तुम्ही न्हावाशेवाचं काम करता म्हणजे २०१७ चा जून तुम्हाला आठवत असणार, जेएनपीटीतल्या गेटवे टर्मिनलचं कामकाज कोलमडलं होतं आणि सगळं हाताने चाललं होतं, कंटेनर अडकले होते. त्या व्हायरसचं नाव नॉटपेट्या, तारीख २७ जून २०१७. न्हावाशेवावर कुणी नेमच धरला नव्हता. नेम होता युक्रेनवर, तिथे एम.ई.डॉक नावाचं टॅक्स भरायचं सॉफ्टवेअर घरोघरी चालतं, आपल्याकडे जशी टॅली तसं समजा, त्याच्या अपडेटमधून हा व्हायरस सोडला. मर्स्क ह्या डॅनिश जहाज कंपनीचं युक्रेनमध्ये ऑफिस होतं, तिथल्या मशीनवर ते सॉफ्टवेअर होतं, झालं. तिथून आतल्या आत सगळ्या जगात, आणि मर्स्कच्याच ग्रुपचं टर्मिनल आपल्या खाडीपलीकडे, म्हणून आपले ट्रेलर रांगेत. दिसायला ते खंडणीचं होतं, स्क्रीनवर ३०० डॉलर मागायचं, पण पैसे देऊनही फाइल सुटायची सोयच ठेवलेली नव्हती, नुसता नाश करायला बनवलेलं.

ह्यातली एक गोष्ट मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, घरचे कंटाळलेत ऐकून. मर्स्ककडे कोण कुठल्या मशीनवर लॉगिन करू शकतो ह्याची यादी सांभाळणारे साधारण १५० सर्व्हर जगभर होते आणि ते एकमेकांची कॉपी ठेवायचे, त्यामुळे वेगळा बॅकअप लागेल असं कुणाच्या मनातही आलं नाही. सगळे एकाच वेळी पुसले गेले. शोधता शोधता एकच जिवंत सापडला, आफ्रिकेत घानामध्ये, आणि तो का वाचला, तर हल्ल्याच्या वेळी तिथे लाईट गेलेली होती! सर्व्हर बंद, नेटला जोडलेलाच नाही. मग तिथलं इंटरनेट इतकं हळू की तो डेटा पाठवायला दिवसचे दिवस लागले असते, घानाच्या माणसाकडे ब्रिटनचा व्हिसा नाही, तर तो डिस्क घेऊन नायजेरियाच्या विमानतळापर्यंत गेला, तिथे दुसऱ्याच्या हातात दिली, तो लंडनला. कंपनीला ४००० सर्व्हर आणि ४५००० पीसी नव्याने उभे करावे लागले, नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर. आणि एवढा पसारा परत उभा राहिला तो एका वायर काढलेल्या मशीनवर, म्हणजे वायर कुणी काढलीही नव्हती, त्यांच्या महावितरणने काढली होती म्हणा.

माझं सगळं म्हणणं तेवढंच आहे, कुठेतरी एक कॉपी अशी पाहिजे जिला वायरच नाही. बाकी अँटिव्हायरस, फायरवॉल सगळं हवंच, पण ते फसलं तर काय, ह्याचं उत्तर ही कॉपी.

आणि छोट्या माणसाबद्दल म्हणाल तर ३१ जुलै २०२४ चं बघा. सी-एज टेक्नॉलॉजीज ही बँकांना सिस्टिम पुरवणारी कंपनी, तिच्याकडे रॅन्समवेअर, म्हणजे असाच खंडणीचा व्हायरस, शिरला म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला तात्पुरतं पेमेंटच्या जाळ्यापासून तोडलं, आणि देशभरातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांच्या गिऱ्हाइकांचं यूपीआय अडलं. त्या बँकांनी स्वतः काही चूक केली नव्हती. तुमचं सॉफ्टवेअर ज्याच्याकडून घेता, तुमच्या मशीनला जो रिमोटवर येऊन दुरुस्त करतो, तो किती व्यवस्थित आहे हा तुमचाही प्रश्न आहे. रिमोटचं ते ॲप काम झाल्यावर बंद करता का? बहुतेक ऑफिसांत ते चोवीस तास चालू असतं, पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलेला.

अजून एक, नॉटपेट्यात अपडेट मारलेली मशीनंही पडली. ज्या भोकातून तो शिरायचा ते बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिला होता, मेमध्ये वॉनाक्राय ह्या दुसऱ्या व्हायरसने धिंगाणा घातला तेव्हा सगळ्यांना तो आठवला, पण नॉटपेट्या एका मशीनच्या मेमरीतून ॲडमिनचा पासवर्ड उचलायचा आणि शेजारच्या मशीनवर तोच लावायचा. पाच पीसींना पाच वेगळे ॲडमिन पासवर्ड. वहीत लिहा, वही कुलपात ठेवा, माझी हरकत नाही. वही हॅक होत नाही.

प्रश्न : नौपाड्यात आमची पॅथॉलॉजी लॅब आहे. रिपोर्ट्स, फोन नंबर, आधारच्या कॉप्या सगळं रिसेप्शनच्या पीसीवर आहे. हे लीक झालं तर कायद्याने काय होतं? बॅकअप मात्र आम्ही रोज घेतो. (नौपाडा, ठाणे)

ताई, बॅकअप रोज घेता हे उत्तम, पण ह्या दुखण्यावर ते औषधच नाही. हल्लीच्या टोळ्या आधी डेटा कॉपी करून नेतात आणि मग लॉक करतात, म्हणजे तुम्ही म्हणालात आमच्याकडे बॅकअप आहे, जा, की ते म्हणतात बरं, मग तुमच्या पेशंटचे रिपोर्ट नेटवर टाकतो. आणि एचआयव्हीचा नाहीतर प्रेग्नन्सीचा रिपोर्ट एकदा बाहेर गेला की तो आत आणायचं कुठलंही मशीन निघालेलं नाही.

कायदा म्हणाल तर डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथून १८ महिने दिलेत. डेटा सांभाळायची वाजवी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत, लीक झाल्यावर डेटा प्रोटेक्शन बोर्डाला आणि संबंधित लोकांना कळवलं नाही तर २०० कोटींपर्यंत. आकडा वाचून चक्कर येऊ देऊ नका, ती कमाल मर्यादा आहे, किती लावायचा ते चुकीचा प्रकार, किती काळ चालली, नंतर काय केलंत हे बघून बोर्ड ठरवणार. पण कळवणं टाळता येणार नाही, पेशंटला थेट, साध्या भाषेत, काय गेलं नि त्याने आता काय काळजी घ्यावी ते, आणि बोर्डाला लगेच प्राथमिक माहिती देऊन ७२ तासांत सविस्तर. सर्ट-इनचे ते ६ तास आजही लागू आहेतच.

मला विचाराल तर कायद्यापेक्षा आधी तो आधारचा फोल्डर बघा. तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात, पण रक्ताच्या साखरेच्या टेस्टला आधारची कॉपी लागते कशाला? मी मागे एका डॉक्टरांकडे गेलो होतो तर डेस्कटॉपवर 'झेरॉक्स' नावाचा फोल्डर, आत सात वर्षांची आधार-पॅन कार्डं, लोकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेली, रिसेप्शनच्या मुलीने डाउनलोड केलेली, प्रिंट काढून झाल्यावर तिथेच राहिलेली. कुणी जमवली नव्हती, जमली होती, माळ्यावर जशी रद्दी जमते. जे तुमच्याकडे नाहीच ते चोरीला जाणार नाही. जी कागदपत्रं ठेवणं तुम्हाला बंधनकारक आहे ती ठेवा, बाकी काढून टाका, रिसायकल बिनही रिकामी करा. रिसेप्शनच्या पीसीवर व्हॉट्सॲप वेब संध्याकाळी लॉगआउट, विंडोजच्या प्रो व्हर्जनमध्ये बिटलॉकर असतं ते चालू करा म्हणजे पीसी उचलून नेला तरी आतलं वाचता येणार नाही, आणि बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर घरी. ती की हरवून स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलेले लोक मी पाहिलेत. आणि रिपोर्टच्या पीडीएफला पासवर्ड म्हणून पेशंटचाच मोबाईल नंबर ठेवता ना, जो फाइलच्या नावात असतो? असो.

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत आमचं लेसर कटिंग आहे. मशीनचा पीसी विंडोज ७ वर चालतो, मशीनवाली कंपनी म्हणते नवीन विंडोज टाकलं तर सॉफ्टवेअर चालणार नाही. मग काय मशीन बदलू? (रबाळे)

नाही हो. विंडोज ७ चे सिक्युरिटी अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले, तेव्हा त्या पीसीला नेट दाखवायचंच नाही. त्याची नेटवर्कची वायर काढा, ड्रॉइंग पेनड्राइव्हने न्या, आणि तो पेनड्राइव्ह फक्त त्याच कामाचा, त्यावर गाणी नाहीत, कामगाराच्या मुलाचा प्रोजेक्ट नाही, आधी ऑफिसच्या पीसीवर स्कॅन. नेटवर्कने जोडावंच लागत असेल तर ऑफिसच्या जाळ्यापासून वेगळा भाग करून द्या, राउटरवाल्याला व्हीलॅन म्हटलं की कळतं. मशीनचे पॅरामीटर नि सॉफ्टवेअरची पूर्ण इमेज, म्हणजे जशीच्या तशी कॉपी, एकदा काढून ठेवा, त्या कंपनीचा इंजिनिअर परत मिळेल न मिळेल. आणि ऑफिसात अजून विंडोज १० असेल तर त्याचाही सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

प्रश्न : आमच्या क्लासचा सगळा डेटा गूगल ड्राइव्हला सिंक होतो, म्हणजे बॅकअप झालाच ना? आणि सायबर इन्शुरन्स घ्यावा का? (कोपरखैरणे)

सिंक म्हणजे आरसा, इकडे फाइल बिघडली की तिकडेही बिघडते. ड्राइव्ह जुन्या व्हर्जन ठेवतो पण साधारण ३० दिवस, आणि एकेक फाइल मागे नेत बसायची म्हणजे दहा हजार फाइल्स असतील तर दुसरी पिढी लागेल. सिंक ठेवा, पण त्याला बॅकअप म्हणू नका, आणि त्या गूगल खात्याला टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर मोबाईलचा कोड, लावलंय का ते आजच बघा. इन्शुरन्स घ्या जमलं तर, फक्त फॉर्ममध्ये दोन टप्प्यांचं लॉगिन आहे का, बॅकअप आहे का असे प्रश्न असतात, तिथे एजंटला सगळीकडे 'हो' टिकमार्क करू देऊ नका, क्लेमच्या वेळी तोच फॉर्म पुढे येतो.

प्रश्न : तुर्भ्याला आमचं पॅकेजिंग मटेरियलचं दुकान नि गोडाऊन आहे, हिशोब मी बघते. बॅकअपची डिस्क आमचे हे ऑफिसच्याच कपाटात ठेवतात, ते कपाट पीसीच्या बाजूला. मी म्हणते घरी नेऊ, तर म्हणतात घरी पोरं खेळतील. आणि बॅकअप झालाय हे नक्की कसं कळायचं? (तुर्भे)

वहिनी, ह्या वादात मी तुमच्या बाजूने. चोर कपाटही नेतो, आग लागली तर दोन्ही जळतं, आणि तळमजल्याच्या गोडाऊनमध्ये पावसाचं पाणी शिरलं तर त्यांना वेगळं सांगायला नको. साधा हिशोब असा की डेटाच्या तीन कॉप्या, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक घराबाहेर, तुमच्या बाबतीत दुकानाबाहेर.

डिस्क दोन घ्या, एकीवर लाल चिकटपट्टी, एकीवर निळी. आठवडाभर लाल दुकानात, निळी घरी, शनिवारी अदलाबदल. रोज संध्याकाळी डिस्क लावायची, बॅकअप घ्यायचा आणि काढायची. काढायची हे महत्त्वाचं, लावून ठेवलेली डिस्क ही बॅकअप नाही, पीसीचाच एक कप्पा आहे, त्याच्याबरोबर तीही लॉक होणार.

झालाय का ते कसं कळणार ह्यावर माझीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला मी रोज रात्री आपोआप बॅकअप होईल अशी छोटी स्क्रिप्ट लिहून दिली होती, फार खुशीत होतो. त्यांनी मधे अकाउंटचं सॉफ्टवेअर नवीन घेतलं, नव्याने डेटा वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायला सुरुवात केली, आणि माझी स्क्रिप्ट इमानेइतबारे जुना फोल्डर कॉपी करत राहिली. रोज सकाळी हिरवी खूण, बॅकअप यशस्वी. आठ महिने. मग त्यांची डिस्क उडाली, मी ऐटीत बॅकअप उघडला, आणि शेवटचं व्हाउचर आठ महिन्यांपूर्वीचं. मालक माझ्याकडे बघत होते आणि मी त्या हिरव्या खुणेकडे. त्या महिन्याचे पैसे मी मागितले नाहीत, त्यांनीही विचारलं नाही.

तेव्हापासून हिरव्या खुणेवर माझा विश्वास नाही. महिन्यातून एकदा, समजा पहिल्या रविवारी, घरच्या लॅपटॉपचं नेट बंद करून त्यावर तो बॅकअप रिस्टोअर करा, एखादी पार्टी निवडा जिचा बॅलन्स तुम्हाला तोंडपाठ आहे, अशी एक तरी असतेच, बहुतेक जी पैसे देत नाही ती, आणि तिचं लेजर उघडा. परवाचं बिल त्यात दिसलं तर बॅकअप आहे. नाही दिसलं तर नाही, डिस्क कितीही भरलेली असो. किती वेळ लागला तेही कॅलेंडरवर लिहा, कारण उद्या खरंच वेळ आली तर दुकान किती तास बंद राहणार ते त्यावरून कळतं.

घरी कुठे ठेवायची हे तुम्ही विचारलं नाही पण पुढच्या पत्रात विचाराल. मुलांचा हात पोचणार नाही अशी कुठलीही कोरडी जागा चालेल, पावसाळ्यात झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, बुटाच्या खोक्यात मिळते ती सिलिकाची पुडी टाकून. फ्रिजवर ठेवू नका. चुंबकामुळे नाही, काहीतरी काढताना खाली पडते म्हणून.